महाधमनीचा आजार : पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

महाधमनीच्या आजाराची दोन बिलं असतात. पहिलं हजार-दोन हजारांचं. ते बहुतेक घरांत भरलंच जात नाही, कारण ती तपासणी कुणी सांगितलेली नसते. दुसरं पाच-दहा लाखांचं. ते एका रात्रीत समोर येतं, आणि त्या वेळी हिशेब करण्याइतकं डोकं कुणाचंच ठिकाणावर नसतं. म्हणून तो आधीच मांडून ठेवलेला बरा. पुढे दिलेले दर महाराष्ट्रातल्या खासगी केंद्रांचे ढोबळ अंदाज आहेत. मुंबई-पुण्यातली मोठी कॉर्पोरेट रुग्णालयं त्यांच्याही वर जातात, ट्रस्टची रुग्णालयं पुष्कळदा खाली राहतात. आकडे पाठ करू नका. कुठे काय विचारायचं ते लक्षात ठेवा.

आधी आजार. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघालेली महाधमनी छातीत वर चढते, कमान घेऊन पाठीकडे वळते आणि कण्याला लागून पोटात उतरते. बेंबीच्या आसपास तिच्या दोन शाखा होऊन पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंमी असते. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, विडी-सिगारेट, वाढतं वय, काही घराण्यांत जन्मतःच असलेला ऊतींचा नाजूकपणा, यांमुळे तिची भिंत सैल पडते आणि नळी एका जागी फुगते. हा ॲन्युरिझम. पोटातली महाधमनी ३ सेंमीच्या पुढे गेली की तिला फुगवटा म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. फुटला तर मात्र अनेक जण रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

दुसरा प्रकार डिसेक्शनचा. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडते, रक्त जोराने थरांमध्ये घुसतं आणि भिंत उभी उसवत जाते. हृदयाजवळचा, वर चढणारा भाग त्यात सापडला असेल तर तो ‘टाइप ए’. ही तातडीची शस्त्रक्रिया. उपचार न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका दर तासाला एक-दोन टक्क्यांनी वाढतो, असं डॉक्टरांना शिकवलं जातं. चढता भाग सुटला आणि फक्त पाठीकडून उतरणारा भाग उसवला असेल तर ‘टाइप बी’. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना आयसीयूत रक्तदाब उतरवून औषधांवर सांभाळता येतं. मूत्रपिंड, आतडं किंवा पायाचा रक्तपुरवठा तुटला, नस फुटायच्या बेतात आली किंवा दुखणं थांबेनाच, तर जांघेतून नळी घालून आतून स्टेंट-ग्राफ्ट बसवावा लागतो. रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा : ए की बी? पुढचा सगळा खर्च त्या एका अक्षरावर ठरतो.

स्वस्तातली तपासणी

पोटातला फुगवटा साध्या सोनोग्राफीत दिसतो. खासगी केंद्रात तिला १,००० ते २,००० रुपये पडतात. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी सरकारी आरोग्यसेवेकडून या तपासणीचं बोलावणं येतं. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी ती एकदा करून घ्यावी असा सल्ला आहे. आपल्याकडे अशी राष्ट्रीय मोहीम नाही, त्यामुळे तपासणी आपणच मागून घ्यायची. पुष्कळदा वेगळे पैसेही लागत नाहीत. वडिलांच्या पोटाची सोनोग्राफी प्रोस्टेटसाठी किंवा पित्ताशयातल्या खड्यांसाठी कधी ना कधी होतेच. तेव्हा रेडिओलॉजिस्टना आधी सांगायचं, “महाधमनीची रुंदी मोजून रिपोर्टात लिहा.” नुसतं ‘नॉर्मल’ नको, आकडा हवा, पुढच्या खेपेला तुलना आकड्याशीच करता येते. सोनोग्राफीला उपाशीपोटी जा. पोटात वायू असला की महाधमनी नीट दिसत नाही.

‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींत साठ-सत्तर रक्ततपासण्यांची यादी असते आणि लोक ती मोजून खूश होतात. त्या साठांपैकी एकही महाधमनीबद्दल काही सांगत नाही. धूम्रपान केलेल्या पासष्टीच्या माणसासाठी ते पॅकेज घेण्याऐवजी एक सोनोग्राफी आणि घरचं बीपीचं यंत्र घ्या, असंच मी सांगेन. यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दीड ते अडीच हजारांत चांगलं मिळतं.

छातीतला भाग पोटाच्या सोनोग्राफीत येत नाही. त्यासाठी टू-डी इको, १,५०० ते ३,००० रुपये. त्यात महाधमनीचं मूळ आणि चढत्या भागाची सुरुवात दिसते. कमान आणि पाठीकडचा पूर्ण भाग पाहायचा तर सीटी ॲओर्टोग्राम लागतो, ८,००० ते १५,००० रुपये. त्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे पाहायला क्रिएटिनिनची तपासणी करतात, कारण सीटीत कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात. किरणोत्सर्गही असतो, म्हणून ‘एकदा सगळंच पाहून घेऊ’ म्हणत सीटी करायचा नाही. इको मात्र काही जणांनी टाळू नये : ज्यांच्या आईवडिलांना, भावंडांना हा आजार झाला आहे किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, ज्यांच्या हृदयाच्या महाधमनी-झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत, आणि उंच, सडपातळ, हातापायांची बोटं विलक्षण लांब, डोळ्यातलं भिंग सरकलेलं अशी ठेवण असलेले, म्हणजे मारफान सिंड्रोमची शंका असलेले. मारफान असलेल्या मुलीची महाधमनी गर्भधारणेच्या आधी मोजलीच पाहिजे. गर्भारपण आणि बाळंतपणात तिच्यावरचा ताण वाढतो.

फुगवटा सापडला म्हणजे उद्याच ऑपरेशन, असं नसतं. पोटातला फुगवटा ३ ते ३.९ सेंमी असेल तर दर ३ वर्षांनी सोनोग्राफी, ४ ते ४.९ असेल तर वर्षातून एकदा, ५ ते ५.४ असेल तर सहा महिन्यांनी. शस्त्रक्रियेचा विचार सहसा पुरुषांत ५.५ सेंमीला आणि स्त्रियांत ५ सेंमीला सुरू होतो. फुगवटा झपाट्याने वाढत असेल किंवा दुखू लागला असेल तर त्याआधीही. छातीतल्या चढत्या भागालाही सर्वसाधारण मर्यादा ५.५ सेंमीचीच आहे. मारफानसारख्या आजारांत आणि अनुभवी केंद्रांत ती ५ किंवा त्याहून खाली येते. तेव्हा पोटातला ४.२ सेंमीचा, न दुखणारा फुगवटा दाखवून कुणी “या आठवड्यातच स्टेंट घालून टाकू” म्हणालं, तर फाईल उचला आणि दुसऱ्या व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. दुसऱ्या मताची फी हजार-दोन हजार रुपये. या आजारात इतक्या कमी पैशांत इतकी मोठी बचत दुसरी नाही.

लक्ष ठेवण्याच्या काळात खरं औषध म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या. ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, लोसार्टन ही सगळी जुनी औषधं आहेत आणि जनऔषधी केंद्रात महिन्याचा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या आत बसू शकतो. “बीपी आता नॉर्मल आलं” म्हणून गोळी बंद करणारे लोक प्रत्येक आळीत भेटतात. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. आणखी एक गोष्ट औषधदुकानातली. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स जुलाबाला, लघवीच्या संसर्गाला सर्रास दिली-घेतली जातात. महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ही देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. फुगवटा असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि काउंटरवरून मागून गोळ्या घेऊ नका.

ती रात्र

डिसेक्शनचं दुखणं एकदम येतं आणि आल्या क्षणीच शिगेला असतं. छातीत, किंवा पाठीत दोन फऱ्यांच्या मधोमध, फाडल्यासारखं. पुष्कळदा ते जागा बदलत खाली पोटाकडे सरकतं. सोबत घाम, भोवळ, एका पायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं यांतलं काहीही असू शकतं. अर्थात छातीत दुखलं की सगळ्यांच्या मनात आधी हार्ट अटॅक येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण हार्ट अटॅक कितीतरी जास्त आढळतो. अडचण अशी की हार्ट अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी, गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं देतात आणि महाधमनी फाटलेली असेल तर तीच जिवावर बेततात. ईसीजी नॉर्मल येऊनही असह्य दुखत असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : दोन्ही हातांचं बीपी मोजलं का? महाधमनीची शंका वाटते का? दोन हातांच्या वरच्या आकड्यात २० चा फरक असेल तर डॉक्टर स्वतःच सावध होतील. प्रश्न विचारा, उपचार अडवू नका. निर्णय त्यांचा आहे.

शंका आली की सीटी. सीटीत निदान झालं की पुढचा खर्च आणि पुढचा जीव, दोन्ही एका गोष्टीवर अवलंबून : रुग्ण थेट योग्य जागी पोचतो की तीन रुग्णालयांत फिरतो. प्रत्येक थांब्याला डिपॉझिट, पुन्हा तपासण्या, पुन्हा ॲम्ब्युलन्स, आणि तासामागून तास. ‘इथे कॅथलॅब आहे’ एवढ्यावर जाऊ नका. कॅथलॅब अँजिओप्लास्टीसाठी असते. टाइप ए साठी हृदय आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन, हार्ट-लंग मशीन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी एकाच छताखाली लागते. वॉर्डात या विभागाला ‘सीव्हीटीएस’ म्हणतात. गाडी हलण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांकडूनच पुढच्या रुग्णालयात फोन करवा : सीव्हीटीएस सर्जन आत्ता उपलब्ध आहेत का, महाधमनीच्या शस्त्रक्रिया तुमच्याकडे होतात का, आयसीयूत खाट आहे का. सीटीची सीडी सोबत घ्या आणि चित्रं आधीच फोनवर पाठवायला सांगा. तेवढ्याने दुसरा सीटी टळतो, म्हणजे दहा हजार रुपये आणि तासभर वेळ. वाटेत नाडी आणि रक्तदाब खाली ठेवणारं औषध शिरेतून चालू असायला हवं, त्यामुळे सोबत डॉक्टर असलेलीच ॲम्ब्युलन्स घ्या. १०८ ची सेवा मोफत आहे. खासगी कार्डियाक ॲम्ब्युलन्स दीडशे-दोनशे किलोमीटरला पंधरा-वीस हजार सहज घेते. भाडं, डॉक्टर, ऑक्सिजन सगळं धरून किती, हे बसण्याआधी ठरवा.

सरकारी पर्याय दुय्यम समजू नका. मुंबईत केईएम, सायन आणि जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात सरकारी सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, इथे हृदयशस्त्रक्रियेचे विभाग आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही बातमी लोकांच्या लक्षात आहे. पण तो विभाग म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत. तिथे शुल्क लागतं, खासगीच्या तुलनेत अगदी किरकोळ, पण ग्राफ्ट, झडप असं सामान योजनेतून मंजूर करून घ्यावं लागतं. नियोजित शस्त्रक्रियेला रांगही असते.

एस्टिमेट कसं वाचायचं

खासगी रुग्णालयात चढत्या महाधमनीची नियोजित शस्त्रक्रिया साधारण ४ ते ८ लाख. महाधमनीचं मूळ आणि झडप दोन्ही बदलण्याची, जिला बेंटॉल म्हणतात, तीही याच घरात. टाइप ए ची तातडीची शस्त्रक्रिया ६ ते १२ लाख. मूत्रपिंडं बसली किंवा व्हेंटिलेटर लांबला तर १५ च्याही पुढे. पोट उघडून फुगवटा दुरुस्त करायला ३ ते ६ लाख. जांघेतून नळी घालून बसवायचा स्टेंट-ग्राफ्ट ६ ते १२ लाख, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास पैसे एकट्या ग्राफ्टचे.

शस्त्रक्रियेत बसवतात ती नळी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाची. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांनी पहिल्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. या सर्जरीचा पाया घालणाऱ्या डिबेकींनाच २००५ च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या ९७ व्या वर्षी डिसेक्शन झालं. काही आठवड्यांनी त्यांच्याच पद्धतीने शस्त्रक्रिया झाली आणि शंभरीला दोन महिने कमी असेपर्यंत ते जगले. कापडाची ही नळी आजही एकूण बिलाचा लहान भाग असते. पैसे लागतात ते सर्जनच्या चमूला, हार्ट-लंग मशीनला, रक्ताला आणि आयसीयूतल्या दिवसांना.

म्हणून एस्टिमेटवरचा शेवटचा आकडा पाहण्याआधी त्यात काय नाही ते पाहा. पॅकेज असेल तर त्यात आयसीयूचे किती दिवस धरलेत? पुढच्या दर दिवसाला किती? रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट धरलेत का? या शस्त्रक्रियेत ते पिशव्यांवर पिशव्या लागतात. रक्ताची किंमत नसते, पण तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क प्रत्येक पिशवीला दीड हजाराच्या आसपास पडतं, प्लेटलेटचं वेगळं. डायलिसिस लागलं तर? रक्तस्राव थांबेना म्हणून पुन्हा थिएटरात न्यावं लागलं तर? रात्रीचा किंवा इमर्जन्सीचा वाढीव दर आहे का? हे सगळं लेखी मागा. टाइप ए मध्ये घासाघीस करायला वेळ नसतो हे खरं, पण एक माणूस रुग्णापाशी आणि एक बिलिंग काउंटरला, एवढी वाटणी घरातल्यांना जमते. शस्त्रक्रिया सुरू करायला या उत्तरांची वाट पाहू नका. सही करून मोकळे व्हा आणि मग विचारत बसा.

खोलीचा वर्ग हा बिलाचा छुपा गुणक आहे. पुष्कळ रुग्णालयांत सर्जनची फी, थिएटरचं भाडं, भेटीची फी, सगळंच खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ऑपरेशन तेच, सर्जन तेच, थिएटरही तेच. रुग्ण पहिले पाच-सात दिवस आयसीयूतच असतो. जनरल वॉर्ड किंवा ट्विन शेअरिंग घ्या. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटीही लागतो.

स्टेंट-ग्राफ्टबाबत एक गैरसमज पक्का आहे. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, म्हणून याही स्टेंटला ती लागू असेल असं वाटतं. ती मर्यादा हृदयाच्या कोरोनरी स्टेंटपुरती आहे. महाधमनीचा ग्राफ्ट एमआरपीवर चालतो, आणि एमआरपी व रुग्णालयाची खरेदी किंमत यांत अंतर असू शकतं. तेव्हा दोन कंपन्यांच्या ग्राफ्टचे दर मागा, एमआरपीच्या आत किती कमी होतील ते स्पष्ट विचारा, आणि बसवलेल्या ग्राफ्टचं नाव, आकार, क्रमांक असलेलं स्टिकर आपल्या फाईलमध्ये लावून घ्या. बिलातला ग्राफ्ट आणि अंगातला ग्राफ्ट एकच आहे याचा तोच पुरावा.

पोट उघडायचं की स्टेंट घालायचा, हा निर्णय पहिल्या बिलावर घेऊ नका. स्टेंटमध्ये चार दिवसांत घरी जाता येतं, जखम छोटी, म्हाताऱ्या आणि दमा-हृदयविकार असलेल्या रुग्णाला तो सोसतो. पण ग्राफ्टच्या बाजूने गळती होत नाही ना हे पाहायला पुढे आयुष्यभर तपासण्या लागतात, आणि काहींना पुन्हा कॅथलॅबमध्ये जावं लागतं. साठीच्या, बाकी धडधाकट माणसाला उघडी शस्त्रक्रिया सुरुवातीला जड गेली तरी वीस वर्षांच्या हिशेबात ती स्वस्त पडू शकते. सर्जनला दोन्ही पर्यायांचा पाच वर्षांचा खर्च विचारा.

पैसे कोण देतं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेच्या उपचारांत महाधमनीच्या शस्त्रक्रिया आहेत. चूक होते ती प्रश्नात. “रुग्णालय योजनेत आहे का?” असं विचारलं की उत्तर “हो” येतं आणि नंतर कळतं की ते फक्त हाडांसाठी किंवा डायलिसिससाठी योजनेत आहे. विचारायचं ते असं : सीव्हीटीएससाठी आहे का, आणि या रुग्णाच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज कोणतं लागेल? दारातच योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राचा कक्ष असतो. हेल्पलाइन १५५३८८. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. मात्र ही योजना कॅशलेसच आहे. रोख भरून, डिस्चार्ज घेऊन मग अर्ज केला तर काही मिळत नाही. पॅकेजचे दर आणि महागड्या स्टेंट-ग्राफ्टची किंमत यांचा मेळ बसेलच असं नाही; तो फरक कोण भरणार हे आधी लिहून घ्या.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर ५ लाखांचं संरक्षण आहे. पेन्शनर काकांना “हे आपल्यासाठी नाही” असं वाटत असतं. आहे. कार्ड आधारवर निघतं, आज काढून ठेवा. गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे : तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख.

धर्मादाय रुग्णालयांचा हक्क सर्वांत कमी वापरला जातो. ट्रस्टच्या नावाने चालणाऱ्या, चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन बिलिंगकडे नव्हे, रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. तातडीच्या प्रसंगी डिपॉझिटसाठी अशा रुग्णाला अडवता येत नाही. अडवलं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यासासारख्या मोठ्या देवस्थानांकडून मिळणारी मदत खर्चाचा एखादा भागच भागवते. मिळेल ती घ्या, पण तिच्यावर शस्त्रक्रियेची तारीख टांगून ठेवू नका.

खासगी विम्यात आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते. बीपी किंवा सोनोग्राफीत दिसलेला फुगवटा प्रपोजल फॉर्ममध्ये लपवला, तर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. एजंट म्हणतो म्हणून लपवू नका. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की कंपनी इतर खर्चही त्या प्रमाणात कापते. पण औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूवर अशी कपात करता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. टीपीए डेस्कने, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्यांनी, ग्राफ्टच्या किमतीतून टक्केवारी कापली असेल तर त्यावर वाद घाला, तो जिंकण्यासारखा आहे. कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा तीन तासांत द्यावा लागतो. गंभीर आजाराची एकरकमी पॉलिसी असेल तर तिच्यातली महाधमनी शस्त्रक्रियेची व्याख्या वाचा : बऱ्याच पॉलिसींत छाती किंवा पोट उघडलं तरच पैसे मिळतात, नळीतून घातलेल्या स्टेंटला नाहीत. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार; तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

घरी आल्यावर

धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी, आपल्याकडे बहुधा ॲसिट्रोम, जन्मभर. रक्त किती पातळ आहे हे पाहणारी आयएनआर तपासणी दर महिन्याच्या आसपास, २०० ते ४०० रुपये. गोळी स्वस्त आहे. महाग पडतो तो तपासणी चुकवण्याचा धोका. गावात प्रयोगशाळा नसेल तर झडप निवडतानाच सर्जनला तसं सांगा, कारण जैविक झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही. ती पंधराएक वर्षांनी झिजते ही तिची बाजू. पुढच्या वर्षांत ठरावीक अंतराने सीटी किंवा एमआरआय लागेल. वर्षाला वीस-पंचवीस हजार रुपये बाजूला धरून चाला.

डिस्चार्जच्या वेळी शस्त्रक्रियेच्या नोंदी, सीटीच्या सीडी आणि बाबवार बिल घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हयगय झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, मात्र दोन वर्षांच्या आत.

आणि रुग्ण घरी आल्यावर त्याची भावंडं आणि मुलं यांना एकेक इको करायला पाठवा. छातीतल्या महाधमनीचा आजार काही कुटुंबांत वारशाने येतो. ज्याचं ऑपरेशन झालं त्याचं निदान त्या रात्री झालं. बाकीच्यांचं दुपारच्या ओपीडीत होऊ शकतं.